लव्हाळ्याचं ऊन

एकदा एका वैद्यबुवांकडे एक शिष्य शिकायला होता. नाव मार्तंड, वय बावीस, आणि स्वस्थ बसेल तर शपथ! औषधी गोळ्या वाळत घातल्या की हा दर थोड्या वेळाने जाऊन एकेक दाबून बघणार. वैद्यबुवा म्हणायचे, "अरे, वाळू दे की त्यांना! अर्ध्या गोळ्यांवर तुझ्या बोटाचे ठसे आहेत."

तर या वैद्यबुवांचे डोळे अधू होत चालले होते. येत्या दसऱ्याला औषधांची पेटी मार्तंडाच्या हाती द्यायची, असं त्यांनी गावाला सांगूनही टाकलं होतं. सहा वर्षं राबला होता पोरगा त्या दिवसासाठी. आणि नेमकं आषाढात लफडं झालं.

झालं काय, की गावातल्या एका व्यापाऱ्याच्या आईचं पोट बिघडलं. वैद्यबुवा बाहेरगावी होते, म्हणून मार्तंडाने तिला मोथ्याचा काढा दिला. मोथा म्हणजे लव्हाळ्याच्या मुळाशी असते ना, ती काळी, सुवासिक गाठ. अगदी रोजचं औषध. पण म्हातारीने दोन दिवस पोटात कण घेतला नव्हता आणि हे कुणाला सांगितलंही नव्हतं. काढा पिऊन उठली, आणि धाडकन पडली. थोड्या वेळात शुद्धीवर येऊन तिने पेज मागितली, दोन वाट्या प्यायलीसुद्धा. पण ते पडणं शेजारणीने पाहिलं होतं! संध्याकाळपर्यंत बातमी पारावर: वैद्याच्या शिष्याने म्हातारीला विषारी मूळ पाजलं.

मार्तंड नुसता पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारोदार फिरायला लागला. पहिलं घर कासाराचं.

"मी विष दिलेलं नाही हो!"

"विष?" कासार दचकला. "कसलं विष?"

"तेच सांगतोय ना, विष नव्हतंच ते."

"म्हणजे विषाचं काहीतरी झालंय खरं! अगं, ऐकलंस का, इकडे ये आधी!"

असं चाळीस घरी. आठवड्याभरात एका म्हातारीच्या दोन झाल्या, आणि त्यातली एक मेली. जी मेली म्हणत होते ती दुकानाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती, पण तिच्याकडे बघायला वेळ कुणाला! लोक दवाखान्याच्या दारातून डोकवायचे. "वैद्यबुवा नाहीत का? मग राहू दे, उद्या येतो."

मार्तंडाची झोप उडाली. वैद्यबुवा गावी परत येताच तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "गुरुजी, सभा बोलवा. म्हातारीला सगळ्यांसमोर उभं करा. त्या शेजारणीला जाब विचारा. काहीतरी करा! अशाने दसऱ्याला पेटी घेऊन मी काय करू? माझ्या हातचं औषध घेणार कोण?"

"करू," वैद्यबुवा म्हणाले. "आधी परसातला तो वाफा साफ कर."

"ते गवत? आत्ता?"

"गवत? एक देठ तोड आणि बोटांत फिरव."

मार्तंडाने फिरवला. देठ सरळ फिरेचना, प्रत्येक वळणाला अडायचा.

"तीन कडा आहेत त्याला," वैद्यबुवा म्हणाले. "गवताचा देठ गोल, बहुधा पोकळ, जागोजागी पेर. हा आतून भरीव, पेर नाही, तीन धारांचा. पानंसुद्धा बुंध्याशी तीन रांगांत. वर तपकिरी तुरा, छत्रीच्या काड्या उघडाव्यात तसा. लव्हाळा आहे हा. ज्याच्या गाठीवरून एवढं रामायण झालं, तोच."

मार्तंड ओशाळला. मोथा बाजारातून वाळलेला यायचा. उभं झाड त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग रागारागाने त्याने तासाभरात अख्खा वाफा उपटून काढला. आठ दिवसांत लव्हाळा पुन्हा हजर, पहिल्यापेक्षा दाट! मार्तंडाने कुदळ घेतली आणि हातभर माती उलटीपालटी केली. पंधरा दिवसांनी वाफ्यात पाय ठेवायला जागा नाही.

"गुरुजी, हे काय भूत आहे का?"

वैद्यबुवा आत जाऊन बियाण्याची पिशवी घेऊन आले. मूठ मूठ तागाचं बी घेतलं, त्या लव्हाळ्यातच दाट फेकलं, आणि हात झटकले. "आता एकही उपटायचा नाही. आणि गावातही कुणाकडे जायचं नाही. सकाळी दवाखान्यात बसायचं."

"गप्प?"

"गप्प कशाला? येईल त्याला काय होतंय ते विचार."

बाप रे, काय ते दिवस! मार्तंड दवाखान्यात बसायचा आणि त्याचा गुडघा सारखा हलत असायचा. रस्त्यावर कुणी हसलं की याला वाटायचं, माझ्यावरच. वाफ्यातही एकदा राहवलं नाही, दोन लव्हाळे उपटलेच. तिथे पाच आले.

भाद्रपद संपता संपता ताग छातीएवढा झाला. वैद्यबुवांनी मार्तंडाला वाफ्यात नेलं, ताग बाजूला सारला. खाली लव्हाळा होता, पण विरळ, फिकट, आडवा पडलेला.

"हा मेला?" मार्तंडाने विचारलं.

"मरत नाही तो." वैद्यबुवांनी खुरप्याने हळूहळू माती मोकळी केली आणि एक काळी, तारेसारखी मुळी अलगद वर उचलली. तिच्यावर एकामागून एक गाठी. "ही माळ बघ. टोकाची गाठ जागी असते, ती मागच्यांना झोपवून ठेवते. तू वरून ओढलंस, देठ तुटला, गाठ खालीच राहिली. मग कुदळीने माळ तोडलीस, तेव्हा झोपलेली एकेक गाठ सुटी झाली आणि उठून बसली. गावातही तू कुदळ घेऊनच फिरलास मार्तंडा. ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांना जाऊन जाऊन उठवलंस."

"मग खोटं बोलू द्यायचं लोकांना?"

"लव्हाळ्याला सगळं चालतं. चिखल चालतो, तुडवणं चालतं, तोडणं तर आवडतंच. सावली तेवढी चालत नाही. त्याच्या डोक्यावर दुसरं काहीतरी उंच वाढव. तुझं काम वाढव."

मार्तंडाला पटलं की नाही, कोण जाणे. पायाने माती उकरत उभा राहिला नुसता.

दसऱ्याला चार दिवस असताना पलीकडच्या गावचा एक नावाडी दवाखान्यात आला. पोट दाबून धरलेलं, तोंड पांढरंफटक. वैद्यबुवा आत झोपले होते. त्याने मार्तंडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हातारीला विष पाजणारा तो तूच का रे?"

मार्तंडाचे कान तापले. म्हातारीचा उपास, शेजारीण, पेजेच्या दोन वाट्या, सगळं जिभेच्या टोकावर आलं. त्याचा गुडघा हलायला लागला. त्याने तो हाताने दाबून धरला.

"पोट कधीपासून दुखतंय, काका?" त्याने विचारलं.

नावाडी घोटाळला. "काल दुपारपासून."

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही बाबा. पाणीसुद्धा टिकत नाही."

"मग आधी घोट घोट पेज घ्या. औषध त्यानंतर देतो. बसा असे, नाडी बघतो."

नावाडी खाली बसला आणि त्याने हात पुढे केला.