मुंगसाची चोरी

"चोरानं चोरी करायची नाही, तर काय टाळ कुटायचे, गुरुजी?"

शार्दूल जिना चढून आला तो हे विचारतच.

गुरुजी नकाशा रंगवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चप्पल," ते म्हणाले.

शार्दूल मुकाट्यानं मागं फिरला, चपला काढून आला.

नीळकंठ ताम्हनकर भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात खऱ्या गावांचे नकाशे काढले, आता वाईतल्या आपल्या माडीवर बसून नसलेल्या गावांचे काढत. दर रविवारी चार वाजता तिथं खेळ मांडला जाई. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, ते कागदावर उतरवायचं, आपण काय करणार ते बोलून सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. पुढं काय घडलं ते ताम्हनकर सांगत. 'गुरुजी' हे नाव पोरांनी थट्टेनं ठेवलं होतं. थट्टा कधीच संपली, नाव राहिलं.

शार्दूलचं सोंग चोराचं. नाव मुंगूस. असा चोर साऱ्या जिल्ह्यात नाही, याची त्याला खात्री होती. जिल्ह्यात हा खेळ खेळणारे इनमिन तिघंच त्याच्या ओळखीचे होते, ही गोष्ट वेगळी.

मागच्या रविवारी या मुंगसानं घरच्याच माणसांवर हात मारला. अन्विता खेळात वैद्यीण होती. तिच्या पिशवीतली विषावरच्या औषधाची कुपी त्यानं लांबवली आणि बाजारात देऊन तिच्या बदल्यात किल्ल्यांचा जुडगा घेतला. हे सगळं गुरुजींना गुपचूप चिठ्ठी देऊन. फाशावर एकोणीस पडले, कुणाला पत्ता लागला नाही. तासाभरानं जमीरच्या योद्ध्याला नाग डसला. अन्वितानं पिशवीत हात घातला, तर आत काहीच नाही.

योद्धा मेला. मग शार्दूलनं मोठ्या ऐटीत जुडग्याची गोष्ट सांगितली.

कुणी हसलं नाही. जमीरनं तीन वर्षं तो योद्धा वाढवला होता. त्यानं आपला कागद घडी करून खिशात घातला आणि तो उठून गेला. संध्याकाळी अन्विताचा निरोप आला, शार्दूल असेल तर आम्ही दोघं नाही.

आज चार वाजता गुरुजी निकाल देणार होते. शार्दूल साडेतीनलाच आला होता. आठवड्याचे सहा दिवस तो कुणाच्या खिजगणतीत नसे. ही माडी सुटली, तर सातवाही तसाच जाणार होता.

"सोबत्यांची चोरी करू नये, असं नियमात कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही."

"फासा खोटा पडला?"

"खरा पडला."

"तुम्ही चिठ्ठी वाचून मान डोलावलीत."

"डोलावली. चुकलंच माझं."

भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला समोरचा भांडेचना, की फार पंचाईत होते.

"मुंगूस अनाथ आहे, गुरुजी. लाथा खाऊन वाढलाय. तो कुणाचा कसा होईल? मी त्याच्या स्वभावाला धरून खेळलो. ते मी नाही केलं, मुंगसानं केलं."

"मग त्याच्याशीच बोलतो."

गुरुजींनी मागच्या रविवारचा नकाशा पुढं ओढला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"ही धर्मशाळा. दुपार आहे. सगळे दमून आडवे झालेत. वैद्यीण भिंतीकडे तोंड करून झोपलीय, पिशवी उशाशी... मुंगसा, तीन वर्षांत तू एकही पेटी न विचारता उघडली नाहीस. कुलूप आहे का, सापळा आहे का. आमची अर्धी दुपार तुझ्या चौकशांत जायची. त्या दिवशी काहीच विचारलं नाहीस."

"राहून गेलं."

"आता विचार."

शार्दूलला हसू आलं. पण सवय ती सवय.

"पिशवीला कुलूप?"

"नाही."

"गाठ?"

"सैल."

"आत सापळा? सुई, विष, घंटी?"

"काही नाही."

"असं कसं? एवढी मोलाची वस्तू आणि... पहारा तरी असेल."

"आहे."

शार्दूल पुढं सरकला. "किती जण?"

"एक."

"डुलक्या घेतोय?"

"टक्क जागा आहे."

"कोण आहे?"

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मुंगूस."

...

शार्दूलला आठवलं. तुम्ही झोपा, मी बसतो, असं त्यानंच सांगितलं होतं. मुंगूस जागा आहे ना, मग काय काळजी, असं म्हणून जमीरच्या योद्ध्यानं कमरेची तलवारही सोडून ठेवली होती. त्या वेळी शार्दूलला वाटलं होतं, काय नशीब आपलं!

आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं मुंगसाचा कागद ओढून घेतला. "फाडून टाकतो. पुढच्या खेपेला साधू होतो, गुरुजी."

गुरुजींनी कागदावर तळहात ठेवला.

"साधूवाचून कुणाचं अडलंय?"

जिन्यावर पावलं वाजली. अन्विता आली, तिच्यामागून जमीर. दोघंही दारातच थांबले.

"आधी निकाल सांगा, गुरुजी," अन्विता म्हणाली. "मग बसतो."

शार्दूल उभा राहिला.

"जमीर... ते मी केलं. मुंगसानं नाही. मी."

"तीन वर्षं, शार्दूल." जमीर एवढंच म्हणाला.

"हो."

गुरुजींनी नवा नकाशा टेबलावर पसरला. रंग अजून ओला होता.

"दाट जंगल आहे. मुक्काम इथंच करावा लागेल. पहाऱ्याला कोण?"

"मी बसेन," अन्विता पटकन म्हणाली. "नाही तरी मला आता झोप लागायची नाही."

गुरुजींनी फासा उचलून शार्दूलसमोर ठेवला.

"मुंगूस बसेल."

"परत तोच?" जमीर उसळला. "त्याच्यावर कसा भरवसा ठेवायचा, गुरुजी?"

"त्याला आता चोर ओळखू येतो."