पीटीओची उत्तरपूजा

शुद्धलेखन चुकलं असेल आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

गिअरबॉक्स दुरुस्त होऊन आल्यावर तात्यासाहेब ढमालांनी ट्रॅक्टरची थाटात पूजा केली आणि दिसेल त्या दांडीला लाल नाडा बांधला. पण माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर ज्याच्यावर चालतो तो मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ, काही फिरेना. त्यांनी मेकॅनिक रघुवीरला भर चौकात बोलावलं.

"गिअरबॉक्सची वाट लावलीस. आता ट्रॅक्टरला बोट न लावता पीटीओ फिरवून दाखव, नाहीतर या गावात पुन्हा पाना धरायचा नाहीस."

रघुवीरने ट्रॅक्टरभोवती फेरी मारली. पीटीओ चालू करायची दांडी नाड्याने सीटला करकचून बांधलेली होती. पण तात्यांची पूजा चुकली, हे चारचौघांत कोण बोलणार?

"तात्यासाहेब, उत्तरपूजा केलीत?"

"राहिली."

"मग देव अजून पाटावरच बसलेत. त्यांना निरोप दिल्याशिवाय ते कामाला उठतील कसे? अक्षता टाका आणि नाडे तुमच्याच हाताने सोडा."

तात्यांनी अक्षता टाकल्या, नाडे सोडले, ट्रॅक्टर चालू करून दांडी ओढली. पीटीओ गरकन फिरला आणि त्याच्यावरचा झेंडूचा हार मागे वळून बघणाऱ्या तात्यांच्या मिशांवर उधळला.

"बघ, माझ्या हाताला गुण आहे," तात्या फुलं झटकत म्हणाले.

"आहेच की," रघुवीर म्हणाला. "बंदही तुमच्याच हातानं पडला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानावर पाटी लावली: पूजा फक्त बोनेटची करावी.