मोराने उलटवलेल्या रांगा

तीन जंगलं जिथे एकमेकांना खेटून होती, तिथल्या एका मोठ्या तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच ती अंडी घालते. त्यामुळे काठावर पुढे काय होणार, याची तिला भारी काळजी. आपलं तळं भरलेलं पाहून बाकीचे प्राणी निवांत होते. टिटवी मात्र दर पौर्णिमेला शेजारच्या दोन्ही जंगलांवरून चक्कर मारून यायची आणि तिथल्या तळ्यांत किती पाणी उरलं ते खड्यांनी मांडून ठेवायची. पाणी जास्त तर रांग लांब, कमी तर आखूड. कार्तिकातली रांग जांभळाच्या बुंध्याशी होती, चांगली वीस खड्यांची. पुढच्या प्रत्येक महिन्याची रांग तिच्याखाली, तळ्याच्या बाजूला. माघातल्या रांगेत उरले फक्त पाच खडे.

टिटवी तडक वाघाकडे गेली. "महाराज, फाल्गुन सरेपर्यंत शेजारी थेंब राहणार नाही. मग गव्यांचे कळपच्या कळप इथे घुसतील आणि पाण्यावरून रक्त सांडेल. तिकडच्या नाल्यांतली वाळू अजून ओली आहे. आपली रानडुकरं पाठवून तिथे खोल झिरे खणून घ्या, म्हणजे त्यांना तिथेच पाणी मिळेल. पटत नसेल तर माझे खडे येऊन बघा, जांभळापासून तळ्याकडे एकेका महिन्याची रांग आहे." वाघाने जांभई दिली. "बरं, उद्या सकाळी येतो," तो म्हणाला.

महाराज येणार म्हटल्यावर मोराची लगबग सुरू झाली. दरबाराची शोभा त्याच्याकडे ना! सकाळी टिटवी किडे टिपायला गेली होती, तेवढ्यात त्याने खडे न्याहाळले आणि नाक मुरडलं. "शी! वर रुंद आणि खाली निमुळतं, हे काय ध्यान? फांदीवरून खाली सोडलेला माझा पिसारा कसा रुंद होत जातो, तसं हवं!" असं म्हणून त्या दीडशहाण्याने सगळ्या रांगा उलट्या लावल्या. आखूड रांग जांभळाशी गेली, लांब रांग पाण्याशी आली. वाघ आला, बघून खूश झाला. "वा! पाणी तर महिन्यागणिक वाढतंय!" तेवढ्यात परतलेली टिटवी जीव तोडून ओरडली, "महाराज, रांगा फिरवल्यात हो! हे माझं नव्हे!" मोर फणकारला, "अगं, खडे तुझेच आहेत. एक तरी कमी केला का मी?" वाघ गुरगुरला, "टिटवी ओरडली की अपशकुनच. गप्प बस!" आणि खणायला तयार होऊन आलेली रानडुकरं पुन्हा चिखलात लोळायला गेली. आता मला सांगा, संताप येतो की नाही? मोराने पंख पसरले असते तर घटकाभरात शेजारची तळी दिसली असती. पण तेवढी तसदी घेतो कोण!

चैत्र लागला. टिटवीने काठावरच चार अंडी घातली. दुसरीकडे जाणार तरी कुठे? आणि एका दुपारी तहानेने पिसाळलेले गवे धुरळा उडवत तळ्यावर येऊन आदळले. वाघ अडवायला गेला आणि मांडी फाडून घेऊन परतला. हरणं तुडवली गेली, तळ्याचा चिखल झाला. मोर उंच फांदीवर बसून बघत होता, त्याचं एक पीसही हललं नाही. गवे पांगल्यावर वाघ लंगडत काठावर आला. टिटवी खड्यांमध्ये काहीतरी शोधत होती. खड्यांसारखीच दिसणारी चार टरफलं होती ती, फुटलेली.

"अगं, एवढं सगळं होणार हे आधी सांगायचं नाहीस का?" वाघ म्हणाला.

टिटवीने मान वर केली. "सांगितलं होतं, महाराज. तुम्हाला ते छान दिसलं होतं."

तात्पर्य : धोक्याचा इशारा आपल्या आवडीप्रमाणे सजवणारा आणि त्या सजावटीला भुलून स्वस्थ बसणारा, दोघेही पुढच्या अनर्थाचे धनी असतात, भोगायला मात्र लागतं ज्याने सांगितलं त्याला.