चढावरची वीस मिनिटं

“पण मग त्या वर का जात नाहीत, बुवा?”

वृंदा काळसेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. टपरीच्या बाकावर बसलेल्या बुवांनी चहाचा आणखी एक घोट घेतला.

समोर, विद्यापीठाच्या फाटकाशी, साठांपैकी चोपन्न सायकली उभ्या होत्या. पिवळ्याधमक, एकीसारखी दुसरी. उरलेल्या सहा दुरुस्तीला. टेकडीच्या माथ्यावर वसतिगृहं होती आणि तिथला सायकलतळ ओस पडला होता. पोरं सकाळी या सायकलींवरून भुर्रकन खाली येत आणि तास संपले की पायी वर जात. रोज पहाटे एक टेम्पो सगळ्या सायकली वर नेऊन ठेवी. सायकलींना टेम्पोतून फिरवणारं विद्यापीठ म्हणून आसपासच्या कॉलेजांत नाव झालं होतं.

हे वृंदाबाईंच्या मनाला लागलं होतं. लागणारच. बाई नगररचना शिकवत, परदेशात दोन वर्षं हाच विषय घासून आलेल्या, आणि ही सायकलींची योजना पहिल्या खिळ्यापासून त्यांची. त्यांच्याच शब्दावर टेकडीवरची बस बंद झाली होती. आज चार वाजता कुलगुरूंकडे बैठक होती. योजना चालवायची की गुंडाळायची, ते तिथे ठरणार होतं. गुंडाळली तरी बस परत येणार नव्हती, ती केव्हाच भंगारात गेली होती. वरच्या सहाशे पोरापोरींची रोजची पायपीट आपल्या नावावर लागणार, या विचाराने बाईंना आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

म्हणून त्या सोनूबुवांकडे आल्या होत्या. बुवा तीस वर्षं इथे शिपाई होते. टपालाची पिशवी सायकलला अडकवून रोज टेकडी चढायची आणि उतरायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वसतिगृहांमागच्या जुन्या मठात दिवाबत्ती करू लागले. नोकरीत असताना कारकुनालाही साहेब म्हणणारे बुवा मठात गेल्यापासून कुलगुरूंनाही अरेतुरे करत, आणि गंमत म्हणजे कुलगुरूंना ते आवडे.

“बुवा, ऐकताय ना?”

“ऐकतोय की.”

“मी नियम कडक करणार आहे. आत्ता वीस मिनिटं आहेत. एका तळावरून काढलेली सायकल वीस मिनिटांत दुसऱ्या तळावर लागली पाहिजे. नाही लागली तर आठ दिवस खातं बंद. आता वीसची पंधरा करते, आणि आठ दिवसांचा महिना.”

“वीसच का?”

“नाहीतर पोरं सायकल खोलीत नेऊन ठेवतात. सगळ्यांची वस्तू एकाची होऊन बसते.” बाईंनी फोन काढला, नकाशा काढला, तो बुवांच्या नाकासमोर धरला. “पावणेदोन किलोमीटर. अगदी रमतगमत चालवली तरी अकरा मिनिटं. वर नऊ मिनिटं मी पदरची दिलीत!”

बुवांनी नकाशा बघितला. बराच वेळ बघितला.

“यात चढ कुठंय?”

“नकाशात चढ दिसत नाही, बुवा.”

“बरं...”

बुवा उठले. बाकाखालची बाजरीच्या पिठाची पिशवी त्यांनी ओढून काढली. सकाळीच गिरणीतून आणलेली, अजून कोमट होती.

“मठात न्यायचंय. एक सायकल काढ.”

बाईंनी घड्याळ बघितलं. पावणेतीन. जीव वरखाली होत होता, पण नाही म्हणवेना. सायकलच्या कुलपाला फोन टेकवून त्यांनी ते उघडलं, पिशवी पुढच्या टोपलीत ठेवली.

“मी चालवत पुढे जाते. तुम्ही या सावकाश.”

“जा.”

बाई निघाल्या. पहिलं वळण झोकात गेलं. दुसऱ्या वळणावर मांड्या भरून आल्या. तिसऱ्या वळणाच्या आधीच त्या उतरल्या आणि हँडलवर ओणव्या होऊन धापा टाकू लागल्या. आपली योजना चढावर चालवून पाहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते तिथेच दडपलं.

मागून बुवा आले. त्यांचा श्वास जागच्या जागी होता.

“तुम्ही कुठपर्यंत चालवायचात?” बाईंनी विचारलं.

“इथवरच. पुढं हातात.”

“रोज?”

“तीस वर्षं.”

आता दोघं चालू लागले. बाई हँडल धरून, बुवा मागून कॅरियरला हात लावून. मध्येच बुवा थांबले. चपलेत खडा गेला होता. त्यांनी चप्पल काढली, झटकली, खडा रस्त्याच्या कडेला टाकला, पुन्हा चप्पल घातली.

बाईंनी फोन बघितला. अकरा मिनिटं झाली होती.

“जरा पाय उचला ना, बुवा.”

“उचलतोय की.”

चिंचेपाशी बुवा पुन्हा थांबले. एक माळी फांद्या तोडत होता. त्याच्या सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बुवांनी डावा डोळा की उजवा ते विचारलं, दुसऱ्याचं कधी करणार ते विचारलं. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिल्या.

सोळा मिनिटं.

“वर जायला तुम्हाला एकूण किती वेळ लागायचा? एक आकडा सांगा मला.”

“कधी अर्धा तास. कधी पाऊण.”

“इतका फरक?”

“संगती कोण हाय, त्यावर.”

“टपालाला उशीर नाही व्हायचा?”

“व्हायचा की.”

बाई चिडल्या. चार वाजता मोठमोठ्या लोकांसमोर उभं राहायचं होतं आणि इथे हा माणूस कोड्यात बोलत होता. त्यांनी सायकल जोरात रेटली. पीठ टोपलीत एका अंगाला कललं. बुवांनी ते सरळ केलं.

अठरा... एकोणीस...

माथा अजून चार वळणं लांब होता.

आणि सायकल ओरडू लागली. पीं पीं पीं पीं. असा आवाज की झाडावरचे साळुंक्यांचे थवे उडाले. बाईंच्या फोनवर लाल अक्षरं आली. वेळ संपली आहे. आपलं खातं आठ दिवसांसाठी बंद करण्यात आलं आहे.

बाई त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. ते वाक्य त्यांनीच लिहिलं होतं. ‘आपलं’ हा शब्द सौजन्य म्हणून त्यांनीच मागाहून घातला होता.

मागून दोन मुली गप्पा मारत वर येत होत्या, रिकाम्या हातांनी. आवाज ऐकून एक थबकली.

“अय्या, मॅडम! तुमचंपण गेलं?”

दुसरीने तिला चिमटा काढला. दोघी तोंडावर ओढणी धरून भराभरा पुढे गेल्या. वळणाआड गेल्यावर त्यांचं हसू फुटलेलं ऐकू आलं.

बाईंचा चेहरा लाल झाला होता, आणि तो चढामुळे नव्हता.

“तुमचंपण...” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “सगळ्यांचंच जातं. सगळ्यांना इथे उतरावं लागतं. बुवा, तुम्हाला हे माहीत होतं.”

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि कुलपाला गुंडाळला. लहान मुलाच्या कानांना गुंडाळतात तसा, दोन वेढे. आवाज दबला, पण थांबला नाही.

“तळावर लावल्याशिवाय थांबणार नाही तो,” बाई म्हणाल्या. “मीच तसं करून घेतलंय.”

“बरं केलंस.”

फोन वाजला. कुलगुरूंच्या कचेरीतून कदमबाई बोलत होत्या. प्रस्ताव टाईप होतोय, वेळमर्यादेच्या रकान्यात पंधराच लिहायचं ना? साहेब कागद मागतायत, मॅडम, पटकन सांगा.

“पंधरा नको!” बाई ओरडल्याच. “थांबा, कदमबाई. एक मिनिट. धरा फोन.”

त्यांनी फोन छातीशी दाबला. खाली चोपन्नातल्या उरलेल्या त्रेपन्न सायकली पिवळ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. वर रस्ता वळून झाडांत गेला होता.

“बुवा, सांगा ना. वीसचे किती करू? चाळीस? पन्नास करू? माळ्याशी बोलायला थांबायचं असेल तर साठ? एकदाच सांगा, मी तेच लिहिते.”

बुवांनी कॅरियरवरचा हात काढला नव्हता. पंचाखाली कुलूप पीं पीं करत होतं.

“आधी वर पोच तर खरी.”