भागाईच्या देवळाला छप्पर का नाही

भोजाळ्याच्या तळ्यावर आलेला नवखा माणूस आधी पाणी बघून खूश होतो आणि मग देऊळ बघून गप्प होतो. छातीएवढ्या चार भिंती, तांबड्या विटांच्या, सांधे असे बसलेले की सुई शिरायची नाही. वर छप्पर नाही, कळस नाही. आत चौथऱ्यावर मूर्ती असायला हवी, तिथे एक फुटकी वीट ठेवलेली आहे. ती मधोमध उकललेली आहे आणि तिच्या पोटातून पांढरं काहीतरी डोकावतं. रोज तिला हळद-कुंकू वाहतात, आणि ऊन-पाऊस दोन्ही थेट तिच्यावर पडतात.

"एवढं खातंपितं गाव, आणि देवीवर चार पत्रे टाकायला होत नाहीत?" असं कुणीतरी विचारतंच. देवळाची झाडलोट करणारे सदूनाना मग खराटा भिंतीला टेकवतात. नाना जन्मभर गवंडीकाम केलेले, जिभेने तिखट. हा प्रश्न त्यांना आवडत नाही, आणि कुणी तो विचारला नाही तर त्यांना चैनही पडत नाही. "बसा," ते म्हणतात, "पत्र्याचं मागून बघू." गोष्ट त्यांनी शेकडो वेळा सांगितली असेल. पण एका ठिकाणी त्यांचा आवाज दर वेळी बसतो.

फार जुनी गोष्ट. राजवट कुणाची होती ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ऐकणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. तेव्हा भोजाळं सगळं कुडाचं आणि गवताचं होतं म्हणे. हे तळंही असं नव्हतं. गाळाने भरून आलेलं, गुडघाभर पाण्याचं डबकं होतं, आणि शिमगा सरला की तेही आटायचं. अशाच एका शिमग्यानंतर भर दुपारी एका चुलीतली ठिणगी वाऱ्यावर उडाली. ऊन कलायच्या आत साठ घरांची राख झाली. उभी राहिली ती एकच गोष्ट, भागा कुंभारणीची वीटभट्टी. जी आगीतूनच पिकून निघते, तिला आग काय करणार?

गावाने ते डोळ्यांनी बघितलं. सुभानजी पाटील राखेत उभे राहून म्हणाले, "आता कुडाचं नाव काढायचं न्हाई. जे काय बांधायचं ते इटंचं." आणि सगळं गाव भागाच्या दारात आलं.

भागा विधवा बाई. तिला एकच लेक, काशी. तीही गावातच दिलेली, जावई सासूच्याच भट्टीवर राबणारा. काशीचं घर जळालं तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. आगीनंतर आठव्या दिवशी ती लिंबाच्या झाडाखाली बाळंत झाली, चार लुगड्यांच्या आडोशाला. मुलगी झाली. उन्हाच्या झळांनी लेकरू कोमेजलं होतं, आणि काशी रोज आईला एकच विचारायची, "आये, पाऊस यायच्या आत व्हईल का गं डोक्यावर छप्पर?"

भागा घाईला आली ती त्या प्रश्नाने. विटेची माती तळ्याच्या गाळाची घ्यायची, ती चाळायची, भिजवायची, मुरू द्यायची, ही तिच्या सासरची चार पिढ्यांची रीत. पण गाळ उन्हाने दगडासारखा झाला होता आणि भिजवायला पाणी नव्हतं. ओढ्याकडच्या मळ्याची माती मात्र मऊ, सहज निघणारी. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे होते. सासू सांगायची, "पोरी, पांढरा खडा भट्टीत मरत न्हाई, पाण्याची वाट बघत बसतो." भागाला ते आठवलं. मोठे मोठे खडे तिने वेचले. बारीक राहिले ते राहिले.

विटा निघाल्या त्या लालभडक. एकीवर एक आपटली की टण्ण वाजायच्या. वाजली ती वीट पक्की, असं तेव्हा सगळेच मानत. खरं तर रचण्याआधी विटेला पाणी पाजतात, पण माणसांना प्यायला पाणी नव्हतं तिथे विटेला कोण पाजणार? जेमतेम ओल्या गाऱ्यात कोरड्याच विटा रचल्या. वैशाख संपता संपता सात घरं उभी राहिली, वर हातभर मातीचं धाबं. सातवं काशीचं.

काशी नव्या घरात शिरली त्या दिवशी जळक्या गावाने गुळाचा भात केला. पंगत आतच बसली. पाटील होते, म्हातारीकोतारी होती, पोरंटोरं होती. तुळईला झोळी बांधून काशीने लेकीला निजवलं होतं, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदाच तिने भिंतीला पाठ टेकली होती. भागा पाणी वाढायला म्हणून कोपऱ्यातल्या रांजणापाशी गेली.

रांजण तीन विटांवर ठेवला होता आणि दोन दिवस पाझरत होता. भागा तांब्या भरायला वाकली आणि तशीच राहिली. त्यातली एक वीट डाळिंबासारखी उकलली होती, पोटात पांढरी भुकटी. तिने हात लावला. वीट गरम होती. महिन्यापूर्वी भट्टीतून निघालेली, रांजणाच्या गारव्यात दोन दिवस भिजलेली वीट, आणि हाताला चटका बसावा इतकी गरम.

पांढऱ्या खड्याला पाणी भेटलं होतं, आणि तो तापून, फुगून आतूनच वीट फोडत होता. तिने भिंतीकडे बघितलं, वरच्या धाब्याकडे बघितलं, मग झोळीकडे. दारातून मावळतीचं आभाळ दिसत होतं, ते काळं होऊ लागलं होतं. वळीव येत होता.

"उठा," ती म्हणाली. "समदी उठा. ही भित ऱ्हायाची न्हाई."

पंगत हसली. पाटलांनी शेजारी पडलेल्या दोन विटा घेऊन एकमेकींवर आपटल्या. "आयकलंस का भागा? घंटेवानी बोलतीया."

"बोलती ती, पाटील. पर खोटं बोलती."

कुणी उठेना. भुकेलं गाव, पुढ्यात गुळाचा भात, आणि कुंभारीण आपल्याच विटांना नावं ठेवतेय, याला काय म्हणावं? भागा लेकीपाशी गेली. "काशे, पोरगी घे आन् भाईर हो."

"आये, आजचा दिस तरी बसू दे गं," काशी म्हणाली. दोन महिने झाडाखाली काढलेली बाई, ती उठली नाही.

तेव्हा भागाने दारामागची पहार उचलली.

भिंत कुठे कच्ची हे रचणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं पाडणाऱ्याला कळत नाही. इथे रचणारी आणि पाडणारी एकच होती. तिसऱ्या घावाला कोपरा सरकला, धाब्यातून माती गळू लागली, आणि मग पंगत पत्रावळी टाकून पळाली. काशीने झोळीतून लेकरू ओढून घेतलं आणि किंचाळत बाहेर आली. शेवटचा म्हातारा उंबऱ्याबाहेर पडल्यावर भागा निघाली, आणि तिच्या पाठीमागे अख्खं घर बसलं.

ज्या आईने घर बांधलं, तिनेच ते लेकीच्या डोक्यावर पाडलं. लोकांना दिसलं ते एवढंच. भागा ओरडून सांगत होती, बाकीच्या सहा घरांतनं बी भाईर निघा. तिला वेड लागलं असं ठरवून लोकांनी तिला गुरांच्या दाव्याने लिंबाला बांधलं, त्याच लिंबाला. काशी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "आजपास्नं," ती म्हणाली, "माझ्या छपराखाली तुझं पाऊल पडाया नगं."

भागाने मान खाली घातली. तेवढ्यात पाऊस आला.

घटकाभर कोसळला आणि थांबला. पाटील पडक्या ढिगाऱ्याजवळ आडोशाला उभे होते, त्यांनी तो आवाज पहिला ऐकला. फट्. मग फट् फट्. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा ढिगारा फुटत होता. ओल्या विटांतून वाफ निघत होती आणि घंटेसारखी बोलणारी एकेक वीट पांढरं तोंड वासून उकलत होती. मघाशी त्यांनी आपटलेल्या, आणि पळताना हातातच राहिलेल्या दोन विटाही तिथेच पडल्या होत्या. त्या त्यांच्या डोळ्यांदेखत फुटल्या.

पाटील धावत सुटले. दिवस मावळायच्या आत सहाही घरं रिकामी झाली. गाव पुन्हा उघड्यावर बसलं, आणि दोन दिवसांत एकामागून एक सहा घरं त्यांच्यासमोर खचली. एक माणूस गेला नाही, एक शेळीसुद्धा गेली नाही. पण त्या दोन दिवसांत प्रत्येक आई आपलं लेकरू कुठल्या भिंतीखाली निजत होतं ती जागा बघत होती.

पाटलांनी दाव्याची गाठ स्वतः सोडली. काशी आईच्या पायांवर पडली. रांजणाखालची ती फुटकी वीट तिने ढिगाऱ्यातून शोधून पदरात बांधून आणली होती. "आये, बोललेलं मागं घेते गं."

"नगं घेऊस," भागा म्हणाली. "खडा म्या बघितला हुता. घाई म्या केली. गावातलं शेवटलं घर हुबं ऱ्हाईस्तवर मी छपराखाली जायाची न्हाई."

तो तिचा नवस. त्याला तिने आणखी दोन कलमं जोडली. शेताची मूठभर माती विटेला घ्यायची नाही, घ्यायचा तो तळ्याचा गाळ. आणि दर भट्टीच्या नऊ विटा नऊ दिवस तळ्यात ठेवायच्या. त्यातली एक जरी उकलली तरी सगळी भट्टी मोडायची. वाजवून बघणं बंद.

अठरा वर्षं ती राबली. जाळायला झाड तोडलं नाही, शेण्या आणि भुसकट लावलं. गाळ निघत गेला तसं तळं खोल होत गेलं आणि वैशाखातही पाणी दिसू लागलं. फुटलेल्या विटाही तिने टाकल्या नाहीत. कुटून चुन्यात कालवल्या आणि त्या सुरखीने तळ्याच्या पायऱ्या सांधल्या, त्या अजून पाण्यात आहेत. मध्ये एकदा कडब्याची गंजी पेटली, शेजारच्या घराची भिंत तेवढी काळी झाली. घर जुनं झालं तर तीच वीट उतरवून पुन्हा लावायची. "आज्याच्या भिंतीतली वीट नातवाच्या भिंतीत जाते," सदूनाना इथे थांबून पाहुण्यांकडे बघतात, "तुमच्या शिमिटाच्या ठोकळ्याला सांगा बघू हे."

ऊन असो, पाऊस असो, भागा भट्टीशेजारी उघड्यावर निजायची. काशीने पाटलांना सांगून ठेवलं होतं, माझं घर सगळ्यांत शेवटी. तिचा हिशेब साधा होता. शेवटचं घर आपलं असेल, तर आई त्याच छपराखाली येईल, आणि आपल्या तोंडून गेलेला शब्द आपल्याच उंबऱ्यात फिटेल. त्यासाठी तीही अठरा वर्षं झापाच्या खोपटात राहिली.

तो दिवस आला. साठावं घर उभं राहिलं. सगळा गाव जमला, पुन्हा गुळाचा भात. भागा आता वाकली होती, काठी टेकत आली. काशी आत उभी राहून हात पुढे करून म्हणाली, "ये आये."

भागाने काठी उंबऱ्याला टेकवली, पाऊल उचललं. आणि तिची नजर तळ्याकडे गेली.

पाण्यात पायरीवर नऊ विटा होत्या. नव्या, त्याच सकाळी ठेवलेल्या.

"ह्या कुणाच्या?" तिने विचारलं.

मग काशीची लेक सुंदरा, तीच झोळीतली, मान खाली घालून पुढे आली. तिचं महिन्यापूर्वीच लग्न झालं होतं, गावातच. "आमच्या हायत, आज्ये," ती म्हणाली. "आमचं घर बांधायचं हाय."

भागाने उचललेलं पाऊल मागे घेतलं.

सदूनानांचा आवाज बसतो तो इथे. अठरा वर्षं जे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते सगळ्यांना एकदम कळलं. जितं गाव आहे, तिथे शेवटचं घर कधी होतच नाही. जी पोर वाचावी म्हणून हे सगळं घडलं, तिनेच आजीला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. काशीचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

भागा मात्र हसली. "बरं झालं की गं," ती म्हणाली आणि उंबऱ्याबाहेरच मांडी घालून बसली. काशी आतून ताट घेऊन आली आणि नव्या घराला पाठ करून आईशेजारी उन्हात जेवायला बसली.

नवव्या दिवशी सुंदराच्या विटा पाण्यातून काढल्या. नऊच्या नऊ अखंड. ते सांगायला लोक भट्टीवर गेले, तर भागा भट्टीला टेकून बसलेली, हात गाळाने माखलेले, आणि अंग गार. डोक्यावर सकाळचं आभाळ होतं.

तिच्यासाठी गावाने चार भिंती बांधल्या. काशीने पदरात जपलेली ती फुटकी वीट मध्ये ठेवली. पाटलांची माणसं छपरासाठी तुळया घेऊन आली, तेव्हा काशी दारात आडवी उभी राहिली. "शेवटलं घर झालं की घाला," ती म्हणाली.

आजही भोजाळ्यात वीट वाजवून कुणी घेत नाही. गोष्ट संपली की सदूनाना पाहुण्यांना पायऱ्यांवरून खाली पाण्यापर्यंत नेतात आणि बोट दाखवतात. हिरवट पाण्याखाली नऊ विटा शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. पत्र्यांचं विचारणारा पाहुणा त्या मोजतो, आणि पुन्हा मोजतो.

"ह्या आमच्या शाळेतल्या शिपायाच्या," नाना म्हणतात. "छप्पर म्हणताय ना? घालू की. एवढं एक घर होऊ द्या."