माईच्या बारा आठवणी

राजे घोड्यावरून फिरत आणि पोरं धुळीत बोटानं अक्षरं गिरवत, त्या काळातली ही गोष्ट. नक्की किती वर्षं झाली म्हणून विचारू नका, मला मोजता येत नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक शाळा, आणि शाळेत शिकवायला एकच बाई. सगळं गाव तिला माई म्हणायचं. तिचा नवरा केरोबा मागावर कापड विणायचा. त्यांना एकुलती एक लेक होती, भागू.

एका हिवाळ्यात माई तापाने गेली. गाव खूप हळहळलं.

त्या गावची एक रीत होती. माणूस गेलं की वर्षभर दर पौर्णिमेला संध्याकाळी घरच्यांपैकी एकाने देवळापुढे उभं राहायचं आणि गेलेल्याची एक आठवण सांगायची. अशा बारा आठवणी सांगून झाल्या की डोळे पुसायचे आणि कामाला लागायचं.

पहिल्या पौर्णिमेला केरोबाने खरी आठवण सांगितली. एक मुलगी बोलताना अडखळायची, तिला माईने ओवीच्या चालीवर पाढे म्हणायला शिकवलं होतं. ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. केरोबाला बरं वाटलं, आणि तिथेच माशी शिंकली. पुढच्या खेपेला याहून मोठं काही सांगायला नको का? नाहीतर लोक माईला विसरतील, अशी धास्ती त्याच्या मनात बसली. मग तो थोडं थोडं वाढवू लागला. माई कधी चुकली नाही. माई कधी कुणावर चिडली नाही. चूल, लेक, नवरा, शाळा, सगळं सांभाळून माई कधी दमली नाही. सहाव्या पौर्णिमेला तर माईने एका दिवसात हजार श्लोक पाठ केले. अहो, प्रेमापोटी बोललेलं खोटंसुद्धा चढत जातं, आणि बोलणाऱ्याला खाली उतरायची वाट सापडत नाही.

इकडे शाळा रिकामी पडली होती. शेजारगावचे एक शास्त्रीबुवा शिकवायला म्हणून आले. त्यांनी माईच्या कथा ऐकल्या आणि हात जोडले. अशा बाईच्या जागी बसून मी स्वतःचं हसं कशाला करून घेऊ, असं म्हणून ते आल्या पावली परत गेले. पोरं उन्हात हुंदडू लागली, पाढे विसरू लागली. दहावी पौर्णिमा झाली आणि राजाचा कारभारी आला. त्याने शाळेत डोकावून पाहिलं आणि तो सांगून गेला, की बाराव्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी इथे शिकवणारं कोणी दिसलं नाही, तर इथे राजाचे घोडे बांधले जातील.

आता सगळ्यांची नजर भागूकडे वळली. आईने तिला सगळं शिकवलं होतं. पण शाळेचं नाव काढलं की पोर नाही म्हणायची. केरोबाने समजावलं, गोडीगुलाबीने सांगितलं, शेवटी तो रागावलाही. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आई कधीच चुकत नव्हती. मी काल साध्या बेरजेत तीनदा चुकले. मला पाहून लोक आईलाच नावं ठेवतील."

केरोबाचे मागावरचे हात थांबले. भागूने आईला घरात रोज पाहिलं होतं, पण मन मोठं विचित्र असतं. महिनोन् महिने ऐकून ऐकून तिलाही बापाचंच खरं वाटू लागलं होतं. आपणच लेकीची वाट अडवून बसलो आहोत, हे केरोबाला कळलं. खरं सांगावं, तर गाव आपल्याला खोटारडा म्हणेल. ते एक वेळ सोसता येईल, पण माई लोकांच्या नजरेतून उतरली तर? आणि न सांगावं, तर तिच्या शाळेत लीद पडेल. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. दिवस मात्र भराभर सरत होते.

बारावी पौर्णिमा आली. केरोबा देवळापुढे उभा राहिला.

"मी तुम्हाला खोटं सांगत आलो," तो म्हणाला. "माईला हजार श्लोक येत नव्हते. सतराचा पाढासुद्धा शेवटपर्यंत नीट आला नाही तिला. ती दमायची, चिडायची. आणि रोज सकाळी शाळेत जायच्या आधी घाबरायची. घास घशाखाली उतरायचा नाही. भागूला कळू नये म्हणून परसात जाऊन उभी राहायची. हे मला एकट्याला माहीत होतं, आणि तेच मी लपवलं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. केरोबाला वाटलं, आपण माईला दुसऱ्यांदा घालवलं.

मग गावचा लोहार उठला. लहानपणी माईने त्याला रागाच्या भरात छडी मारली होती आणि संध्याकाळी त्याच्या घरी येऊन त्याची माफी मागितली होती. तुम्ही सांगत होता त्या माईला ही आठवण शोभेना, म्हणून मी वर्षभर गप्प बसलो, असं तो म्हणाला आणि भर लोकांत रडू लागला. मग एकेक जण उठला. प्रत्येकाकडे आपली आपली माई होती, आणि प्रत्येकाने ती केरोबाच्या कथांपायी दडवून ठेवली होती.

सगळ्यात शेवटी भागूने बापाला विचारलं, "भीती वाटायची, तर मग ती जायची कशी?"

"घाबरत घाबरतच जायची, पोरी."

दुसऱ्या दिवशी कारभारी घोडे घेऊन आला. शाळेतून पोरांचा गलका ऐकू येत होता. पोरांपुढे भागू उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची बेरीज चुकली होती आणि एक चिमुरडी ती सुधारून देत होती. कारभारी जरा वेळ बघत राहिला आणि घोडे घेऊन माघारी गेला.

म्हणून सांगतो, गेलेल्या माणसाला देव करू नका. देवाला फक्त हात जोडता येतात, पण माणसाच्या वाटेवरून चालता येतं.