न विचारलेली हद्द

त्या मुलुखात जमीन दरसाल नव्यानं विणावी लागे. हुकूम वाचला जाई, मग आठ पायांची कोळीण तिकोनी घरांची जाळी विणी आणि त्या जाळीलाच लोक जमीन म्हणत. विणून झालं की कारभारी कासव एकेका घरावर नाव पुकारी. 'माती' म्हटलं की घर कोरडं, 'पाणी' म्हटलं की ओलं. अर्धं हे, अर्धं ते, असं एका घराला होता येत नसे.

म्हणून रीत अशी, की पहिल्या धाग्याआधी कोळणीनं चौफेर तोंड करून तीनदा विचारायचं, "आत आणखी कुणाची हद्द आहे का?" ज्याची असेल त्यानं ती आखून द्यायची. मग त्याच रेषेवर गाठी पडत आणि एकही घर दोघांत चिरलं जात नसे. रेशाबाई कोळणीनं जन्मभर असंच विणलं होतं.

त्या साली मुंग्यांना घाई होती. धान्य उघड्यावर पडलं होतं. कासवानं वाचलेल्या हुकमात मुलखाची बाहेरची कड तेवढी होती. मधल्या डोहाचं काय, हे रेशाबाईच्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोला! पण तिनं तोंड उघडण्याआधीच कासव म्हणालं, डोह कुठं पळून जातोय, नावं पुकारताना बघू. कारभाऱ्याच्या तोंडाला कोण लागणार? तिनं विचारलं नाही. एकदासुद्धा नाही.

जाळी सुरेख झाली. फक्त डोहाकाठची घरं अर्धी पाण्यावर, अर्धी मातीवर बसली. कासवानं झटपट निकाल लावला: घराचा मध्य ज्याच्याकडं, घर त्याचं. अशाच एका घराच्या कोपऱ्यात काजळी नावाच्या मरळ मासोळीनं अंडी घातली होती. मध्य बोटभर मातीकडं गेला होता. कासव 'माती' म्हणालं आणि पुढं सरकलं.

काजळी काठाशी आली. एवढं एक घर उसवता येईल का, असं तिनं हळूच विचारलं. रेशाबाईनं धागा ओढून पाहिला. एक गाठ सुटली की शेजारच्या सहा सैल होत, आणि त्यांच्यावर मुंग्यांची कोठारं भरलेली. मूठभर जागेसाठी अख्खा मुलूख उसवायचा का, असं कासव म्हणालं.

"मावशी," काजळी म्हणाली, "तुम्ही एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

"माहीत आहे गं," रेशाबाई म्हणाली.

दुपारपर्यंत ते घर सुकलं. अंडी आधी पांढरी पडली, मग त्यांची सालं तेवढी उरली. हुकूमच चुकीचा होता, तुझा काय दोष, असं सगळे रेशाबाईला समजावत होते. तिला ते कधीच पटलं नाही.

पुढच्या साली डोह हुकमाच्या पहिल्याच ओळीत होता. काजळी मात्र कुणाला दिसली नाही. रेशाबाईनं तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही, तरी चौथ्यांदा विचारलं आणि ती बराच वेळ थांबली. मुंग्या कुरकुरल्या, तेव्हा कुठं तिनं विणायला घेतलं.

तेव्हापासून दरसालच्या जाळीत डोहाकाठी मूठभर गोल जागा सुटलेली असते, भोवती बारीक, घट्ट गाठी. कासव तिथं येतं, तोंड उघडतं आणि नाव न पुकारताच पुढं जातं. मुंग्या त्या जागेला वळसा घालतात.